एलिक्सरमधे लिलाव: लॉक नाही तरी अडकतंय, आणि एकाच ढिगाला दोन गिऱ्हाइकं

मालवी_गडी (इंदूर)
मंडीतल्या एका आडत्यासाठी सोयाबीनच्या लिलावाचं ॲप एलिक्सर ह्या फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषेत लिहितोय. एक नोड (ॲपची एक चालती प्रत) त्याच्या पेढीवर, दुसरा मुंबईच्या क्लाउडवर. सगळे ढीग एकाच जेनसर्व्हरच्या (मेसेज घेऊन उत्तर देणारी प्रोसेस) स्टेटमधे, म्हणजे तिच्या मेमरीत, मोठा मॅप आहे. सकाळी बोली तापली की टाइमआउट (वेळेत उत्तर न आल्याची एरर) सुरू. त्यात काल पेढीचं नेट गेलं तर दोन्ही नोडनी आपापल्या बोल्या घेतल्या, एकाच ढिगाला इकडे एक गिऱ्हाईक तिकडे दुसरं, आडत्या डोक्यावर बसलाय. डेटा इम्युटेबल (एकदा बनला की न बदलणारा), लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) कुठेच नाही, मग हे होतंच कसं भिया?

रात्रपाळी (ग्वाल्हेर)
लॉक नाही कसा, तो जेनसर्व्हरच तुझा लॉक आहे की. प्रोसेस एका वेळी एकच मेसेज घेते, बाकीचे तिच्या मेलबॉक्समधे, म्हणजे रांगेत, साचतात आणि मेलबॉक्सला मर्यादा नाही. त्यात आतूनच डेटाबेसला लिहीत असशील तर बघायलाच नको. दर ढिगाला वेगळी प्रोसेस दे, रजिस्ट्रीत (प्रोसेस नावानी शोधायची यादी) ढिगाचा नंबर, वर डायनॅमिक सुपरव्हायझर, म्हणजे लागेल तशा प्रोसेस सुरू करून त्यांच्यावर लक्ष ठेवणारा. ह्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रोसेस नाहीत, सुरुवातीला दोन-तीन केबी घेतात फक्त. एलिक्सर ज्याच्यावर चालतं ते अर्लांग मुळात एरिक्सन ह्या टेलिकॉम कंपनीत १९८६च्या सुमारास टेलिफोन एक्सचेंजसाठी सुरू झालं, म्हणजे हजारो कॉल एकदम चालू आणि एक कोसळला तर बाकीच्यांना खबर लागायला नको, ही सगळी रचना त्यातून आलीये.

आणि एक बघ, तो ५ सेकंदांचा डिफॉल्ट टाइमआउट बोली लावणाऱ्याच्या बाजूचा असतो. मेसेज मेलबॉक्समधून निघत नाही! स्क्रीनवर एरर बघून माणूस परत बटण दाबतो आणि थोड्या वेळानी दोन्ही बोल्या लागतात. बोलीला फोनवरच आयडी दे, तोच आयडी परत आला तर जुनं उत्तर पाठव.

सयाजीगंज (वडोदरा)
दुसऱ्या, म्हणजे दोन गिऱ्हाइकांच्या भानगडीचा फंक्शनल भाषेशी संबंध नाही. तार तुटली की समोरचा नोड मेलाय का नुसता दिसत नाहीये हे कुठल्याच भाषेला कळत नाही. अर्लांगला तर डिफॉल्टनी मिनिटभर कळायलाच लागतं कारण नेटटिकटाइम (समोरचा नोड जिवंत आहे का तपासायची मुदत) ६० सेकंद. आणि प्रोसेस ग्लोबलमधे (सगळ्या नोडची मिळून नावांची एकच यादी) रजिस्टर केलीस तर अजून मजा, नेट परत आलं की एकाच नावाच्या दोन प्रोसेस सापडतात आणि डिफॉल्टनी तो त्यातली कुठलीही एक मारून टाकतो, तिच्या मेमरीतल्या बोल्यांसकट. ढिगाचा मालक एकच नोड ठरव, दुसऱ्यानी भाव फक्त दाखवायचा, मालक दिसत नसेल तर सरळ "बोली थांबली आहे" म्हणायचं. राफ्ट वगैरे (नोडनी बहुमतानी निर्णय घ्यायची पद्धत) लावायचं तर नोड ३ हवेत, २ मधे बहुमत म्हणजे दोघंही, एक गेला की सगळं ठप्प.

नोड उघड्या इंटरनेटवरून जोडलेस का? कुकी (नोडनी एकमेकांना ओळखायचा सामायिक शब्द) म्हणजे सुरक्षा नाही, ट्रॅफिक एन्क्रिप्ट होत नाही, टीएलएस (जोडणी एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल) लाव.

पोहे_जलेबी (इंदूर)
एका मंडीला दोन नोड कशाला पण? २०१२ मधे व्हॉट्सॲपवाल्यांनी एका सर्व्हरवर अर्लांगनी २० लाखांवर कनेक्शन चालवून दाखवलेली. एकच मशीन ठेव आणि रोज बॅकअप घे.

मालवी_गडी (इंदूर)
पेढीवरचा नोड आडत्याच्या हट्टापायी, नेट गेलं तरी लिलाव चालू पाहिजे म्हणतो. मग मालकी पेढीकडेच देतो, क्लाउड नुसता भाव दाखवेल. पण बाहेरगावचे व्यापारी फोनवरून बोली लावतात, नेट गेलं की ते बाहेर पडणार, हे आडत्याला सांगायला पेढीवर कोण येतंय बोला.