सांत आंद्रेचं चर्च आणि वांद्र्याची गावठाणं

वांद्र्याचे ख्रिश्चन म्हणजे गोव्याहून आलेले असं काही जण म्हणतात, तर तसं नाही हो, गोवेकर, मंगळुरी नंतर आले, ईस्ट इंडियन म्हणवणारे ख्रिश्चन मात्र इथलेच, कोळी, भंडारी, कुणबी वगैरे, पोर्तुगीजांच्या काळात धर्म बदलला पण भाषा मराठीच राहिली. इथलं सांत आंद्रेचं (सेंट अँड्र्यूचं) चर्चच १५७५च्या सुमाराचं! ईस्ट इंडियन हे नाव मात्र १८८७चं, इंग्रजांच्या नोकऱ्यांत गोवेकरांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून घेतलेलं. आमच्या शेजारच्या आजी लुगडं नेसून मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) जायच्या, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ म्हणतात ते लग्नविधीचं पाणी आणायचे, ते मी स्वतः पाहिलंय. चर्चच्या आवारात एकाच दगडातला उंच कोरीव क्रूस आहे, तो जवळ जाऊन नक्की बघा.