मदत हवी आहे: ग्रब (चालू करताना लिनक्स की विंडोज हे विचारणारा प्रोग्राम) बसत नाहीये, डिस्कवरचं १०० एमबीचं पार्टिशन (भाग) फॉरमॅट करू का?

मंडळी, जरा घाई आहे. आमचं लग्नपत्रिकांचं डीटीपी आहे, तुळशीचं लग्न झालं की श्वास घ्यायला फुरसत नसते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला, ११ ह्या लॅपटॉपवर चढत नाही, म्हणून मेल नि बँकेच्या कामासाठी बाजूला लिनक्स मिंट (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकतोय. विंडोज ठेवायचंच आहे कारण श्रीलिपी-पेजमेकरच्या जुन्या फायली तिथेच उघडतात, तेव्हा "सगळं उडवा" हा सल्ला प्लीज नको.

सी ड्राइव्ह विंडोजमधूनच श्रिंक करून जागा काढली, पेनड्राइव्हवरून मिंट वायफायसकट मस्त चालतं, इन्स्टॉलमध्ये 'समथिंग एल्स' (पार्टिशन स्वतः निवडायचा पर्याय) घेऊन मोकळ्या जागेत ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) केलं, सगळं कॉपी होतं आणि पार शेवटी "ग्रब-इन्स्टॉल फेल्ड, धिस इज अ फेटल एरर" येऊन गाडी थांबते. विंडोज अजून चालू होतंय हे नशीब.

जीपार्टेडमध्ये (डिस्कची पार्टिशनं दाखवणारा प्रोग्राम) हे दिसतं:
एसडीए१: फॅट३२, १०० एमबी, फ्लॅग बूट आणि ईएसपी (ईएफआय सिस्टिम पार्टिशन)
एसडीए२: १६ एमबी, अननोन
एसडीए३: एनटीएफएस, हा सी
एसडीए४: एनटीएफएस, छोटं, रिकव्हरी असावं
एसडीए५: माझं नवीन ईएक्सटी४

एका व्हिडिओत सांगतात की एसडीए१ फॉरमॅट करून ईएक्सटी४ करा आणि /बूट द्या. करू का? आणि ते १६ एमबीचं अननोन काय भानगड आहे?

प्रतिसाद १:
थांबा!! एसडीए१ ला हात लावू नका. विंडोज सुरू करणारी फाइल त्यातच आहे, ते पुसलं तर सी जसाच्या तसा राहील पण विंडोज उठणार नाही. आणि यूईएफआयला (लॅपटॉप चालू होताच आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) फॅट वाचता येतं, ईएक्सटी४ नाही, म्हणजे तसं करून ग्रबही चालणार नाही. १६ एमबीचं मायक्रोसॉफ्टचं राखीव आहे, राहू दे.

आधी लाइव्ह (पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या) मिंटमध्ये टर्मिनल उघडून 'एलएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय' द्या, काय येतं सांगा.

धागाकर्ता:
"नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" येतंय.

प्रतिसाद १:
वाटलंच. ते फोल्डर नाही म्हणजे पेनड्राइव्ह लीगसीत (यूईएफआयच्या आधीच्या, जुन्या बायोस पद्धतीने) बूट झालाय आणि डिस्क जीपीटी (पार्टिशनं मांडायची नवी पद्धत) आहे. लीगसीत ग्रबला जीपीटीवर १ एमबीचं वेगळं बायोस बूट पार्टिशन लागतं, ते तुमच्याकडे नाही, म्हणून एरर. पण ते बनवत बसू नका, विंडोज यूईएफआयमध्ये आहे तर लिनक्सही तसंच टाका.

बूट मेनूत पेनड्राइव्ह बहुतेक दोनदा दिसेल, ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिलंय तो घ्या. मग 'समथिंग एल्स'मध्ये एसडीए१ ला 'यूज अ‍ॅज' मध्ये ईएफआय सिस्टिम पार्टिशन, फॉरमॅटची टिक अजिबात नको. एसडीए५ ला ईएक्सटी४, माउंट पॉइंट / (म्हणजे लिनक्सची मुख्य जागा), फॉरमॅटची टिक फक्त इथे.

प्रतिसाद २:
+१. शिवाय विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप (ज्यामुळे शटडाउन करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही) बंद करा, नाहीतर लिनक्समधून सी वर काही सेव्ह करता येणार नाही. आणि दादा, आधी पत्रिकांच्या फायलींचा बॅकअप घ्या, हे सगळं मागाहून.

धागाकर्ता:
झालं!! मेनूत मिंट आणि विंडोज बूट मॅनेजर दोन्ही येतात, पेजमेकर पण उघडून बघितलं. लाख धन्यवाद. एकच नवीन त्रास, विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे दाखवतंय. बॅटरी गेली का?

प्रतिसाद २:
नाही हो, बॅटरी ठीक असणार. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) लिहितं आणि विंडोज तीच वेळ भारतातली समजतं. मिंटमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' द्या, मग विंडोजमध्ये जाऊन वेळ एकदा सिंक करा.