हेला पेशी: ग्लुकोज कमी करूनही ऑक्सिजनचा वापर वाढत नाही

पेट्रीडिश: हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगपेशी) २५ मिलिमोलर ग्लुकोजच्या डीएमईएममधून, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवातून (मीडियम), ५.५ वर आणल्या. सहा वेल (खळगे) असलेली प्लेट, प्रत्येक वेलला २ मिलि मीडियम, ४८ तास. मायटोकॉन्ड्रियावरचा, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवण्यावरचा, भर वाढायला हवा होता. पण एमटीटी या रंगचाचणीचं रीडिंग घसरलं आणि सीहॉर्स या ऑक्सिजनचा वापर मोजणाऱ्या यंत्रावर तो जवळपास तेवढाच. चुकतंय कुठे?

श्वसनसाखळी: आधी हिशेब मांडा. २ मिलिमध्ये ५.५ मिलिमोलर म्हणजे जेमतेम ११ मायक्रोमोल ग्लुकोज. दाट वाढलेल्या हेला पेशी ते एक-दोन दिवसांत फस्त करतात. ४८ तासांनी तुम्ही कमी ग्लुकोज नव्हे, उपासमार मोजताय. मीडियम रोज बदला, पेशी विरळ पेरा आणि काढलेल्या मीडियममधलं ग्लुकोज मोजा. ग्लुकोमीटरही चालतो, पण तो रक्तासाठी बनवलेला असतो. त्याच मीडियममध्ये ज्ञात प्रमाणाची द्रावणं करून आधी आलेख काढा.

एमटीटी इथे नकोच. तो पेशी मोजत नाही, त्यांची क्षपणशक्ती (रंगद्रव्याला इलेक्ट्रॉन देण्याची क्षमता) मोजतो, आणि पोषण बदललं की नेमकी तीच बदलते. चिकटलेल्या पेशी रंगवून त्यांचा अंदाज देणारं क्रिस्टल व्हायोलेट वापरा.

ग्लुटामीन_४: हेलाची बरीचशी ऊर्जा साखरेतून नाही, ग्लुटामीन या अमिनो आम्लातून येते हे १९७९ मध्येच दाखवलं गेलंय. डीएमईएममध्ये ते ४ मिलिमोलर असतं, रक्तात साधारण ०.५ ते ०.७. म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचं पोट आधीच भरलेलं. ग्लुकोज कमी केल्याचा फरक दिसणार कसा?

पेशींना खरोखर श्वसनावर आणायचं तर ग्लुकोजविरहित मीडियम, १० मिलिमोलर गॅलॅक्टोज (दुसरी एक साखर) आणि १०% डायलाइज्ड (लहान रेणू काढून टाकलेलं) सीरम घ्या. साध्या सीरममधून ग्लुकोज आत येतंच. गॅलॅक्टोज ग्लायकोलिसिसमध्ये (ऑक्सिजनविना साखर फोडण्याच्या प्रक्रियेत) इतकं हळू शिरतं की त्यावर एटीपीची, म्हणजे पेशीच्या ऊर्जेची, गरज भागत नाही. पडताळणी सोपी: १ मायक्रोमोलर ऑलिगोमायसिन (मायटोकॉन्ड्रियातली एटीपीनिर्मिती रोखणारं रसायन), २४ तास. ग्लुकोजमधल्या पेशी तग धरतात, गॅलॅक्टोजमधल्या मरतात. दोन्हीकडे मेल्या तर डोस जास्त झाला. दोन्हीकडे तगल्या तर सीरम तपासा.

ग्लुटामीनची जुनी बाटलीही नको. ३७ अंशांना ते विघटित होऊन अमोनिया साचतो.

श्वसनसाखळी: मोजणीच्या वेळी सीहॉर्सच्या मीडियममध्ये किती ग्लुकोज होतं?

पेट्रीडिश: दोन्ही गटांना १० मिलिमोलर, वर १ मिलिमोलर पायरुवेट (मायटोकॉन्ड्रियाला थेट मिळणारं इंधन).

श्वसनसाखळी: मग मोजण्याआधीच्या तासाभरात तुम्ही दोघांना एकाच ताटात जेवायला बसवलंत. ग्लुकोज मिळताच श्वसन काही मिनिटांत दबतं. १९२९ पासून माहीत असलेला क्रॅबट्री परिणाम तो हाच. ज्या पातळीवर पेशी वाढवल्या तीच मोजणीतही ठेवा आणि पायरुवेट दोन्हीकडून काढा. एफसीसीपी (कमाल श्वसन मोजण्यासाठी दिलं जाणारं रसायन) ०.२५ ते २ मायक्रोमोलरमध्ये प्रत्येक मीडियमसाठी वेगळं टायट्रेट करा, म्हणजे योग्य मात्रा शोधा.