मदत हवी आहे: पिंपलच्या खड्ड्यांवर सीओटू लेझर, फेब्रुवारीत घरी लग्न. आत्ता सुरू करू का?

संत्रानगरी२७
नमस्कार. वय २७, रंग सावळा. दोन्ही गालांवर आणि कानशिलांवर पिंपलचे जुने खड्डे आहेत. पिंपलसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या ऑगस्टअखेर संपल्या, तरी हनुवटीवर एखाददुसरा पिंपल अजून येतो. क्लिनिकवाले फ्रॅक्शनल सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरच्या चार सिटिंगचं पॅकेज सांगून राहिले, पहिली सिटिंग पुढच्याच आठवड्यात, म्हणजे नोव्हेंबर लागताच. बहिणीचं लग्न फेब्रुवारीच्या शेवटी आहे. नोकरी नागपूरजवळच्या बुटीबोरीला, जाणं-येणं बाइकने. खड्डे किती भरतील? चेहरा काळा पडतो म्हणतात, ते खरं आहे का? गोळ्या संपून दोनच महिने झाले, ते चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

धंतोली_ओपीडी
दादा, पॅकेजचे पैसे भरायच्या आधी खड्डे कोणत्या प्रकारचे आहेत ते ठरवून घ्या. प्रत्येक खड्ड्याला लेझर लागतंच असं नाही.

रात्री खोलीतला दिवा बंद करा आणि आरशासमोर उभं राहून मोबाइलचा टॉर्च कानाच्या बाजूने, गालाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. खड्ड्यांची खरी खोली अशा आडव्या उजेडातच कळते. समोरून रिंग लाइट मारला की अर्धे खड्डे उपचाराविनाच गायब होतात, त्यामुळे क्लिनिकमधले आधीचे-नंतरचे फोटो पाहताना उजेड दोन्हीकडे एकाच बाजूने आहे का, ते बघा.

आता दोन बोटांनी गाल ताणा. ताणल्यावर जो खळगा नाहीसा होतो तो रोलिंग. गादीला टाका मारला की तिथे खोलगा पडतो, तसे त्वचेखालचे तंतू तिला खाली ओढून धरतात. वरून कितीही लेझर मारा, तो टाका सुटत नाही. त्यासाठी सबसिजन करतात: जागा बधिर करून सुई किंवा कॅन्युला (बोथट टोकाची बारीक नळी) त्वचेखाली सरकवायची आणि तंतू तोडायचे. नंतर आठवडा-दहा दिवस काळंनिळं राहतं. तुमच्या कानशिलांचा भाग मात्र नाजूक आहे, तिथून रक्तवाहिनी आणि चेहऱ्याची नस जाते, म्हणून तिथे सबसिजन अनुभवी हातानेच करून घ्या.

तोंड दोन मिलिमीटरपेक्षा बारीक आणि आत खोल गेलेला, टाचणी रुतल्याची खूण वाटावी असा खड्डा म्हणजे आइस पिक. त्याच्या तळाशी लेझर नीट पोहोचत नाही. त्याला टीसीए क्रॉस: ७० ते १०० टक्के ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड टूथपिकच्या टोकाने फक्त खड्ड्याच्या आत टेकवतात आणि काही सेकंदांत तिथे पांढरा ठिपका उठतो. अॅसिड कडेवर ओघळलं तर खड्डा उलट रुंद होतो आणि भोवती डाग पडतो. सावळ्या त्वचेवर कमी तीव्रतेपासून सुरुवात केलेली बरी.

तिसरा बॉक्सकार, उभ्या कडा आणि सपाट तळ असलेला. यातला जो उथळ असतो, त्यात लेझरचा सर्वांत चांगला फायदा दिसतो. बहुतेक चेहऱ्यांवर तिन्ही प्रकार असतात. म्हणून सगळ्यांना एकच चार सिटिंगचं पॅकेज सांगणं मला पटत नाही.

किती भरतील? सगळं नीट झालं तरी खड्डा बुजत नाही, उथळ होतो आणि कडा मऊ होतात. साधारण निम्मा फरक पडला तर निकाल चांगला समजायचा. तोही लगेच दिसत नाही, नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारे तंतू, तयार व्हायला तीन ते सहा महिने लागतात. आणि एक सांगतो: ‘कार्बन लेझर’ किंवा हायड्रा फेशियल खड्ड्यांसाठी म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका. त्याने तेलकटपणा कमी होईल, खड्डा तसाच राहील.

लेझर_टेबल
वरचं सगळं बरोबर आहे. मी धोक्याबद्दल लिहितो, कारण आपल्या रंगाच्या त्वचेत तोच प्रश्न मोठा आहे.

सीओटू लेझरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. त्वचेतलं पाणी ती शोषतं आणि तेवढा भाग क्षणात वाफ होऊन जातो. फ्रॅक्शनल म्हणजे पूर्ण त्वचा न सोलता बारीक बारीक भोकांची जाळी पाडायची. मधली शाबूत त्वचा जखम लवकर भरून काढते. यात दोन आकडे महत्त्वाचे. ऊर्जा, म्हणजे भोक किती खोल जाईल. आणि घनता, म्हणजे शंभरातला किती भाग जळेल. काळे डाग पडण्याचा धोका ऊर्जेपेक्षा घनतेने जास्त वाढतो. १० टक्के घनतेचे दोन हात एकाच जागी फिरवले की जळालेला भाग २० टक्क्यांच्या जवळ जातो. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: घनता किती ठेवणार, पास (एकाच जागी फिरवायचे हात) किती? उत्तर देता येत नसेल तर उठून या. जबड्याच्या कडेला आणि मानेवर त्वचा सावकाश भरते, तिथे ऊर्जाही कमी हवी, नाहीतर नवा वण राहू शकतो.

डाग लगेच येत नाही. खपली पडून चेहरा छान दिसायला लागतो आणि मग तीन-चार आठवड्यांनी तपकिरी छटा उठते. बहुतेकांचा काही महिन्यांत जातो, पण ऊन लागत राहिलं तर ठाण मांडून बसतो. कानाच्या पुढे छोटा टेस्ट पॅच करून चार आठवडे थांबायचं, ते याचसाठी.

गोळ्यांबद्दल: पूर्वी आयसोट्रेटिनॉइननंतर सहा महिने थांबायला सांगत. २०१७ साली अमेरिकेतल्या त्वचाशल्यतज्ज्ञांच्या संघटनेने पुरावे तपासून सांगितलं की फ्रॅक्शनल लेझरसाठी एवढं थांबायला पुरेसा आधार नाही. पूर्ण चेहरा सोलणाऱ्या लेझरला आणि यंत्राने त्वचा घासण्याला मात्र सावधगिरी कायम आहे. तुमच्यासाठी दोन महिन्यांनी टेस्ट पॅच हा मधला मार्ग योग्य वाटतो. हनुवटीवरचे पिंपल आधी आटोक्यात आणा, नवा पिंपल म्हणजे नवा खड्डा.

ओठांवर कधी ‘जर’, म्हणजे घोळक्याने बारीक पाणीदार फोड, आली असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, लेझरच्या आदल्या दिवसापासून विषाणूविरोधी गोळी सुरू करावी लागते. छातीवर-खांद्यावर जाड वण वाढण्याची सवय, कोड किंवा मधुमेह असेल तर तेही लपवू नका. गोरेपणासाठी स्टेरॉइडवाली क्रीम लावली असेल तर सर्वांत आधी तेच सांगा, तिने त्वचा पातळ झालेली असते.

संत्रानगरी२७
खूप आभार. टॉर्च लावून पाहिलं. गालावरचे बरेचसे ताणल्यावर जातात, कानशिलावरचे बारीक आणि खोल आहेत. मग लग्नाच्या आधी काय करून घेऊ?

धंतोली_ओपीडी
म्हणजे तुम्हाला आधी सबसिजन आणि क्रॉसची गरज आहे, लेझर नंतर. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गालांवर सबसिजन, कानशिलावरच्या दोन-तीन खड्ड्यांत क्रॉस करून पाहणं आणि त्याच दिवशी लेझरचा टेस्ट पॅच. पॅच स्वच्छ राहिला तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कमी घनतेची एक लेझर सिटिंग. त्यानंतर लग्नापर्यंत काहीही नको. डाग उठलाच तर उतरवायला दोन महिने हातात हवेत. जानेवारीअखेरची सिटिंग घेतली तर डाग नेमका लग्नाच्या फोटोत येईल.

उरलेल्या सिटिंग पुढच्या नोव्हेंबरात. मार्च लागला की नागपूरचं ऊन तापतं, मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रोज बुटीबोरीला बाइकने जाणाऱ्याने लेझर करूच नये. पॅकेजपेक्षा एकेक सिटिंगचे पैसे द्या, म्हणजे थांबायचं स्वातंत्र्य तुमच्याकडे राहील.

उन्हाळ्यात करायचंच झालं तर इन्सुलेटेड (टोक सोडून वरून आवरण असलेल्या) सुयांचं मायक्रोनीडलिंग आरएफ, म्हणजे बारीक सुयांतून रेडिओ लहरींची उष्णता देणं, विचारा. त्यात उष्णता खालच्या थरात सोडतात, वरचा थर बराचसा वाचतो, डागाचा धोका कमी. पेसमेकर असणाऱ्यांना ते चालत नाही.

मेयो_रोड
नंतरच्या काळजीबद्दल. लेझरच्या दिवशी बधिर करायची क्रीम साधारण तासभर ठेवतात, ती क्लिनिकमध्येच लावून घ्या, घरून जाड थर लावून निघू नका. डोळ्यांवर कवच बसवल्याशिवाय लेझर सुरू करू देऊ नका.

पहिल्या दिवशी आग होते, थोडा पाणीदार स्राव येतो. थंड सलाइनची घडी ठेवा. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिवसातून चार-पाच वेळा. दुसऱ्या दिवसापासून साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, टॉवेलने घासू नका. तिसऱ्या दिवशी बारीक तपकिरी ठिपके दिसतात आणि हात फिरवला तर खरखरीत लागतं. हे पाच ते आठ दिवसांत आपोआप पडतात. नखाने काढले तिथे डाग नक्की. हळद, लिंबू, कडुलिंब, तुरटी यातलं काहीही नको, आजी कितीही म्हणाली तरी.

दोन दिवसांनंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पू दिसला किंवा घोळक्याने पाणीदार फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डॉक्टर निवडताना त्वचारोगातली पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा. लेझर ते स्वतः धरणार की सहायक, हेही विचारा. दुसरं मत हवं असेल तर नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. तिथे पॅकेज विकायचा प्रश्न येत नाही.

संत्रानगरी२७
शेवटचं एक. दाढी आणि हेल्मेटचं काय? आणि दुपट्टा बांधला तर सनस्क्रीन लागेल का?

मेयो_रोड
दाढी आदल्या दिवशी करा, नंतर ठिपके पूर्ण पडेपर्यंत वस्तरा नाही. हेल्मेटचं अस्तर गालाला घासतं, म्हणून पहिला आठवडा बाइक बंदच ठेवा, बसने जा. अस्तर काढून धुऊन ठेवा.

दुपट्टा बांधाच, पण सुती कापडाच्या विणीतून ऊन आत येतं, त्यामुळे सनस्क्रीन लागेलच. ठिपके पडल्यावर सुरू करा: एसपीएफ ५०, झिंक ऑक्साइडवालं, शक्यतो आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत, कारण सावळ्या त्वचेवर नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही डाग गडद होतो. मात्रा दोन बोटं भरून, निघायच्या वीस मिनिटं आधी, आणि दुपारी जेवणानंतर पुन्हा. खिडकीच्या काचेतूनही किरणं येतात, तेव्हा बसमध्ये सावलीच्या बाजूला बसा.