जर्मनीत सायन्स शिकून विमा कंपनीत नोकरी, मग प्लॉट कशाला तारण टाकला?

वडगावचा_काका
डोकं फिरलंय म्हणून लिहायलोय. आमच्या दादाचा पोरगा मराठी मिडीयमचा, मेकॅनिकल इथंच बेळगावात केलं आणि मटेरियल सायन्समधे मास्टर्स करायला जर्मनीला गेला. तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी फी नाही हे खरं, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे दरमहा ठरावीकच काढता येतात अशा खात्यात, भरावे लागतात (२०२४ला ११,९०४ युरो केले, ह्याच्या वेळी थोडे कमी होते). लोन साडेसात लाखाच्या वर गेलं की बँक तारण मागते, शेताचा उतारा नको म्हटले, मग मच्छेकडचा एनए प्लॉट लावला. आणि आता पोरगा तिथंच एका विमा कंपनीत डेटा ॲनालिस्ट! गाड्यांच्या क्लेमचे आकडे बघायला धातूचं शास्त्र कशाला पायजे होतं ओ? हे बेंगळुरात बसून होत नव्हतं काय?

निवृत्त_मास्तर
काकांशी सहमत. आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली, माझ्याकडं ब्युरेट धरायला शिकलेली पोरं आज बँकेत नाहीतर पोलिसात. पण ती इथं नोकऱ्या नाहीत म्हणून गेली, नाइलाज होता. एवढ्या लांब जाऊन लाइन बदलायची म्हणजे मुळात सायन्सची आवड नव्हती, परदेशाची होती. राग येईल, पण खरं आहे.

खानापूरची_लेक
सर, राग आलाच. मी इंग्लंडमधे मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलं. शिकून झाल्यावर मला दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला, त्यावर जवळपास काहीही काम करता येतं, पण पुढं राहायचं तर कंपनीनं स्पॉन्सर करायला लागतं आणि लॅबमधल्या सुरुवातीच्या पगाराला त्याची अट गाठणं अवघड. सात महिने अर्ज टाकले, मधे गोडाऊनमधे डबे पॅक केले, आता औषधांच्या ट्रायलचे रिपोर्ट लिहिते. पिपेट हातात नाही, पण कुठला आकडा संशयास्पद आहे ते लगेच कळतं, ते लॅबमधेच शिकले ना?
आणि देश बघून बोला. अमेरिकेत ओपीटीवर, म्हणजे शिकून झाल्यावर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर असाल तर काम शिकलेल्या विषयाशी जुळलंच पायजे. जर्मनीत डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने देतात, तोवर पोटापाण्याला कुठलंही काम चालतं. काकांचा पोरगा काय नियम मोडून गेला नाही.

निपाणीकर
शेजारच्या गोव्यातले दामोदर धर्मानंद कोसंबी बघा की. हार्वर्डला शिकले, १९२९ला पदवी, माणूस गणिताचा. पुढं जुनी नाणी तराजूत तोलून, चलनात झिजून वजन किती घटलं त्याचं स्टॅटिस्टिक्स मांडत मांडत इतिहासात शिरले. गणित वाया गेलं म्हणायचं काय?

निवृत्त_मास्तर
कोसंबींनी गणित सोडलं कुठं? टीआयएफआरमधे, त्या मुंबईच्या संशोधन संस्थेत, गणितच करत होते. उगाच दर पोराला कोसंबी करू नका.

उद्यमबाग_भट्टी
काका, गेल्या डिसेंबरात तुमच्याबरोबर माझ्या फाउंड्रीत आलता तोच ना पुतण्या? आम्ही दोन महिने मशीन शॉपवाल्याला शिव्या घालायलोतो, ड्रिल मोडायलंय म्हणून. ह्यानं रिजेक्टमधला एक तुकडा उचलला, तुटलेलं तोंड उन्हात धरलं आणि म्हणाला, मामा, मधे राखाडी आहे, कोपऱ्यात पांढरं आहे बघा, पातळ भाग लवकर थंड होऊन कडक झालाय. लॅडलमधे (वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं) फेरोसिलिकॉन टाकतो, लोखंड असं पांढरं-कडक होऊ नये म्हणून, ती टाकायची पद्धत बदलली, कटकट बरीच कमी झाली.
मास्तर, आवड नसलेल्या पोराला हे दिसत नसतंय. पण त्याला मी पगार किती देणार? तो तिथं घेतोय त्याच्या चौथा हिस्सा पण नाही, आणि चार दिवस कामाचा लोड नसला तर तेवढाही जड जातोय. पोराला बोलायच्या आधी आम्हा भट्टीवाल्यांना बोला.

वडगावचा_काका
होय, तोच तो. तुमच्याकडून परत येताना गाडीत तासभर त्या लोखंडाचंच सांगत बसलता.
हप्ता तो स्वतःच भरतोय, एक चुकवला नाही, हे वर लिहायचं राहिलं. पण गल्लीत कोण विचारलं तर दादा अजून "पोरगा जर्मनीत सायंटिस्ट हाय" म्हणून सांगतोय आणि मी बाजूला उभा राहून मान हलवतोय, त्याचं काय करू ते सांगा.