मदत हवी आहे: १९३९ च्या रुपयातला शेवटचा ९ खरा आहे का?

हौशी_संग्राहक
सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया घ्यायचा आहे. वजन ११.६२ ग्रॅम, चुंबकाला चिकटत नाही, सराफाच्या मशीनवर चांदी ९१ टक्क्यांच्या वर. विकणारा म्हणतो, आता आणखी काय तपासायचं? पण शेवटच्या ९ ची शेपटी मला आखूड वाटते. १० पटीचं भिंग आहे. नक्की कुठे बघू?

भिंगवाला
वजन आणि चांदी बरोबरच येणार हो. १९३८ चा रुपया सहज मिळतो, १९३९ चा दुर्मिळ. म्हणून १९३८ च्या अस्सल नाण्यावरच ८ चा ९ करतात. धातू तोच ९१.७ टक्के, वजन तेच तोळाभर, म्हणजे ११.६६ ग्रॅम. अशा नाण्यात खोटा असतो तो एक आकडा.

तुलनेला नमुना नाण्यावरच आहे. १९३९ मध्ये ९ दोनदा येतो. दुसऱ्या जागेवरच्या ९ ला कोणी हात लावलेला नसतो. मोबाईलने तारखेचा अगदी सरळ वरून फोटो काढा, मोठा करा आणि दोन्ही ९ शेजारी ठेवा. ८ चं वरचं वेटोळं लहान असतं, खालचं मोठं. खालच्या वेटोळ्याची डावी बाजू कोरून काढली की ९ तयार होतो, पण त्याचं डोकं बारीक राहतं आणि शेपटी जिथे तोडली तिथे बोथट दिसते. शिक्क्याने उठलेल्या आकड्याचं टोक असं तुटक नसतं.

जुना_छाप
भर घालतो. खोली अंधारी करा, टॉर्च नाण्याच्या पातळीला जवळजवळ आडवा धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. कोरलेल्या जागी बारीक खळगा किंवा एकाच दिशेचे ओरखडे चमकतात. ते लपवायला तारखेभोवती पॉलिश केलं असेल, तर तेवढाच भाग आरशासारखा आणि बाकी नाणं मंद दिसतं.

पाण्यातली घनता ओतीव नकलेसाठी ठीक. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं तळाला न टेकवता बुडवा. ९१.७ टक्क्यांच्या रुपयाला सुमारे १.१३ ग्रॅम वाढ दिसते, १९४० पासूनच्या निम्म्या चांदीच्या रुपयाला १.२२ च्या आसपास. तुमच्या शंकेसाठी मात्र निरुपयोगी.

हौशी_संग्राहक
बघितलं. शेवटच्या ९ चं डोकं लहान आहे आणि डावीकडे खाली चार-पाच आडव्या रेघा आहेत. वापरातले ओरखडे असतील का? आधी साबणाने धुऊन बघू?

भिंगवाला
धुऊ नका, घासू तर अजिबात नका. नाणं अजून तुमचं नाही. वापरातले ओरखडे कुठेही, कसेही जातात आणि आकड्यांच्या माथ्यावरूनही जातात. तुमच्या रेघा नेमक्या ८ च्या खालच्या वेटोळ्याच्या जागी आहेत आणि आकड्याच्या कडेला थांबतात. त्यात डोकंही लहान. १९३८ चा म्हणून मिळत असेल तर घ्या, १९३९ च्या भावाने नको.