‘प्रत्युत्तर’ म्हणजे नेमका कोणता मारा?

विचारणा
अवकाशयानांच्या पटावरच्या युद्धखेळांचे नियम मित्रांसाठी मराठीत लिहितोय. दोन ठिकाणी अडलोय. एका प्रकारात दोन्ही बाजूंचा मारा एकाच क्षणी झाला असं धरतात, त्यामुळे नष्ट होणारं यानही आपल्या तोफा डागून घेतं. दुसऱ्यात शत्रूचं यान टप्प्यात आलं की त्याची हालचाल मध्येच थांबवून त्याच्यावर मारा करता येतो. मी ‘एकाच वेळचा मारा’ आणि ‘प्रत्युत्तराचा मारा’ असं लिहिलंय. चालेल?

प्रतिसाद
पहिल्याला ‘एकसामयिक मारा’ म्हणा. शाळेतल्या एकसामयिक समीकरणांमुळे शब्द ओळखीचा आहे, आणि अर्थही चपखल बसतो. ‘एकाच वेळी’ म्हटलं की घड्याळ आठवतं. प्रत्यक्षात फासे एकामागून एकच पडतात, एकत्र धरायचा असतो तो नुकसानीचा हिशेब. 2012 च्या ‘एक्स-विंग’ या खेळात सारख्या कौशल्यांकाच्या वैमानिकांना हेच लागू होतं: यान नष्ट झालं तरी आपला हल्ला करूनच पटावरून उठतं. ‘सरबत्ती’ मोहक वाटेल, पण ती एकाच बाजूची असते.

‘प्रत्युत्तर’ मात्र कृपा करून नको. सीमेवरच्या बातम्यांत ‘चोख प्रत्युत्तर’ वाचतो तेव्हा आधी समोरून गोळी आलेली असते. इथे शत्रूने गोळी झाडलेलीच नाही, तो फक्त हलला आहे. तुमचे नियम वाचणारा मार खाईपर्यंत हात बांधून बसेल! हा फरक किती मोलाचा, ते जमिनीवरच्या खेळांत दिसलं. ‘पँझरब्लिट्झ’मध्ये (1970) रणगाडे शत्रूच्या डोळ्यांदेखत एका झाडीतून दुसऱ्या झाडीत पळायचे आणि वाटेत त्यांना कुणी टिपू शकत नसे. ‘पँझर लीडर’ने (1974) ती सोय दिली. माझ्या मते हा ‘दब्याचा मारा’. वाघ दबा धरतो तेव्हा हरणाने त्याचं काही वाकडं केलेलं नसतं.

प्रतिसाद
वाघ पटला, दबा नाही. दबा धरायला आडोसा लागतो, मोकळ्या अवकाशात तो कुठला? ‘पाळतीचा मारा’ बरा. यान पाळतीवर आहे, समोरचा हलला की डागणार.

आणि ‘प्रत्युत्तर’ टाकून देऊ नका, त्याची जागा वेगळी आहे. ‘फुल थ्रस्ट’मध्ये चाली गुपचूप लिहून सगळी यानं एकदम हलतात, पण मारा मात्र आळीपाळीने, एकेका यानाचा, आणि नुकसान तिथल्या तिथे लागू. मार खाल्लेलं यान उरलेल्या तोफांनिशी उलट डागतं, ते खरं प्रत्युत्तर.

मूळ विचारणा करणारा
म्हणजे प्रकार दोन नव्हेत, तीन. मी दोघांची एकच मोट बांधत होतो. नियम असा बदललाय: ‘पाळतीवरच्या यानाच्या टप्प्यात शत्रूचं यान शिरताच मारा करता येईल, शत्रूने आधी मारा केलेला असण्याची गरज नाही.’

आता ‘स्टार फ्लीट बॅटल्स’. त्यात एका फेरीचे 32 इम्पल्स, म्हणजे छोटे टप्पे, असतात आणि एकाच इम्पल्समधला तोफांचा मारा एकसामयिक धरतात. इम्पल्सला ‘ठोका’ म्हणावं असं मनात आहे. कुणाला खटकतंय का?